सिलेबसमधला मुलगा

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. कपाटावर धूळ साचावी तसे. एखाद्या दिवशी कुणी फडका मारला की आपलं आपल्यालाच नवल वाटतं, अरे, एवढं होतं!

जबलपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात, मानव विकास आणि कौटुंबिक संबंध विभागात, मला तेवीस वर्षं झाली. मी संशोधन पद्धती शिकवतो, म्हणजे मुख्यतः आकडे. विभागात सहा बायका आणि मी एकटा पुरुष. मूल जन्मल्यापासून म्हातारं होईपर्यंत कसं वाढतं, आई-मूल, नवरा-बायको, सासू-सून एकमेकांशी अशी का वागतात, याचे जगातले सगळे मोठे सिद्धांत आमच्याकडे शिकवले जातात. त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं की आमच्या घरांत फार शांतता नांदत असेल. वाटू दे बापडं!

आमच्याकडच्या किश्श्यांतले निम्मे विभागप्रमुख रामटेके मॅडमच्या एकुलत्या एका मुलाचे आहेत. मुलाचं नाव निनाद. तो आमच्या कॉलेजात कधी शिकला नाही, शिकणार तरी कसा! पण सत्तावीस वर्षं तो आमच्या सिलेबसमध्ये होता. त्यापायी शेवटी मायलेकाचं बोलणं बंद पडलं. ते ओघाने येईलच, आधी विभाग दाखवतो.

*

आमच्या विषयातले थोर लोक सगळे परदेशी. त्यांची नावं घेताना मुलींची जीभ वळत नसे. रामटेके मॅडम रुजू झाल्या त्याच वर्षी त्यांनी तोडगा काढला. ज्याची जी आकृती, तेच त्याचं नाव! दोन ग्लासांत पाणी ओतून पोरांची अक्कल तपासणारे ते ग्लासवाले बाबा. आयुष्याचे आठ टप्पे पाडणारे ते आठ पायऱ्यावाले. गरजांचा त्रिकोण रचणारे ते पिरॅमिडवाले. मधोमध मूल ठेवून भोवती घर, शाळा, मोहल्ला, सरकार अशी वर्तुळं काढणारे ते गोलवाले.

एका वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. गंभीर गृहस्थ. त्यांनी पहिल्याच मुलीला विचारलं, "बेटी, बच्चे की सोच पर सबसे बड़ा काम किसका है?"

मुलगी म्हणाली, "सर, गिलासवाले बाबा का!"

परीक्षकांचा पेन थांबला. मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. पण मुलीने पुढची दहा मिनिटं तो सिद्धांत असा समजावला की परीक्षकांनी पेन खिशाला लावला आणि नुसते ऐकत बसले. जाताना त्यांनी अहवालात लिहिलं, "छात्राओं को गिलासवाले बाबा का उत्तम ज्ञान है."

तो अहवाल फाईलला लागला. दोन वर्षांनी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी फाईल चाळता चाळता मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "ये बाबा बैठते कहाँ हैं?"

*

आमच्या विभागाला जोडून एक बालवाडी आहे. मुलींना प्रॅक्टिकलसाठी खरी मुलं लागतात, ती तिथे मिळतात.

ग्लासांचा प्रयोग साधा आहे. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं. एकातलं पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि जास्त कशात आहे ते विचारायचं. चार वर्षांचं मूल उंच ग्लासाकडे बोट दाखवतं, असं पुस्तक सांगतं.

परीक्षेच्या दिवशी एका मुलीच्या वाट्याला गोलू आला. त्याच्या आजीचं ओमती मोहल्ल्यात लस्सीचं दुकान. गोलूने दोन्ही ग्लास पाहिले आणि म्हणाला, "बराबर है."

मुलीला घाम फुटला. तिने पुन्हा विचारलं. "बराबर है, दीदी."

"बेटा, ठीक से देखो ना!"

गोलूने तिला जवळ बोलावलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या कानात सांगितलं, "लंबे में ज़्यादा दिखता है. इसीलिए दादी लस्सी उसी में देती है!"

मुलगी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. नोंद काय करू? मी म्हटलं, जे दिसलं ते लिही. मॅडम मागून म्हणाल्या, "आणि खाली लिहा, ग्लासवाले बाबा ओमतीत आले नव्हते."

*

दुसऱ्या वर्षाला असताना एका मुलीचं लग्न झालं. महिन्याभराने ती वर्गात आली तेव्हा गोलवाल्यांचा धडा चालू होता. प्रत्येकीने स्वतःच्या घराची वर्तुळं काढून आणायची होती.

हिने मधोमध सासूबाई काढल्या. दुसऱ्या वर्तुळात नवरा, तिसऱ्यात दीर आणि त्याची मोटरसायकल, चौथ्यात मोहल्ला, पाचव्यात सरकार. सगळ्यांच्या बाहेर, कागदाच्या कोपऱ्यात, एक छोटा ठिपका.

मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

"मैं हूँ, मॅम."

मॅडमनी तिला दहापैकी दहा दिले. आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना भेटायला बोलावलं. भेटीत काय झालं ते मला माहीत नाही, पण परीक्षा संपेपर्यंत त्या मुलीला घरून रोज स्कूटरवर सोडायला येत. सासूबाई स्वतः!

*

बालवाडीतल्या कुसुमबाई. मूळच्या बालाघाटकडच्या. शिक्षण चौथी. आमच्या विभागात पाच जणी डॉक्टरेट आहेत, पण पोर रडायला लागलं की पाचही जणी कुसुमबाईंना हाक मारतात.

एकदा कॉलेजात व्याख्यान ठेवलं होतं. विषय, पिरॅमिडच्या टोकाशी कसं पोहोचावं. म्हणजे आधी भूक-तहान, मग सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि सगळ्यात वर माणसाने स्वतःला पूर्ण ओळखणं. मे महिना होता, तीन दिवस विभागाच्या नळाला पाणी नव्हतं. पाहुणे पडद्यावर त्रिकोण दाखवत होते आणि टोकाकडे बोट करत होते.

कुसुमबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वरचा माळा मंग बांधा ना जी! पहिले खाली नळ तर लावा!"

प्राचार्य पहिल्या रांगेत होते. संध्याकाळपर्यंत नळ सुरू झाला.

आणखी एक कुसुमबाईंचाच. आई खोलीतून गेली की मूल कसं वागतं, परत आली की कसं वागतं, यावरून त्याचं आईशी नातं ओळखायचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. आम्ही काचेमागे बसून तो पाहत होतो. आई बाहेर गेली. मूल ठोकळे रचत राहिलं. आई आत आली. मूल ठोकळे रचत राहिलं. मुलींनी भराभर लिहायला घेतलं. तेवढ्यात चहाची वेळ झाली म्हणून कोपऱ्यातल्या कुसुमबाई उठून बाहेर गेल्या आणि मुलाने आभाळ डोक्यावर घेतलं!

आईने काचेमागे येऊन निकाल ऐकला. आम्ही सगळे अवघडून बसलो होतो. ती काचेपलीकडच्या कुसुमबाईंकडे बोट करून शांतपणे म्हणाली, "तो फिर इनकी शाम की छुट्टी कितने बजे होती है?"

*

आता निनाद.

मी रुजू झालो त्या आठवड्यातली गोष्ट. रामटेके मॅडम सकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या. मला वाटलं, घरात काही मंगल कार्य झालं. मी पेढा घेतला आणि अभिनंदन केलं.

मॅडम म्हणाल्या, "आज निनाद पहिल्यांदा ठरवून खोटं बोलला, सर!"

मी पेढा हातात धरून उभा. तेव्हा मॅडमनी समजावलं. मूल ठरवून खोटं बोलतं म्हणजे समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे त्याला कळायला लागलं. हा मोठा टप्पा आहे. पाच वर्षांच्या निनादने फ्रीजमागे अर्धी पोळी लपवली होती आणि सांगितलं होतं की ती बंटीने लपवली. बंटी म्हणजे त्याचा मनातला मित्र. त्या दिवसापासून घरातले सगळे गुन्हे बंटीच्या नावावर.

हे सगळं त्याच दिवशी दुसऱ्या तासाला वर्गात गेलं.

याची सुरुवात माझ्या आधीची. पुस्तकांतली उदाहरणं परदेशी, बर्फात खेळणाऱ्या मुलांची. मुलींना काही केल्या ती आपली वाटत नसत. बाळंतपणाची रजा संपवून मॅडम आल्या आणि म्हणाल्या, माझ्या घरी एक मूल आहे, त्याला पाहू. नाव सांगायचं नाही म्हणून त्याला 'बालक न' म्हणायचं. पुढे दरवर्षी बालक न एका वर्षाने मोठा होत गेला. बालक न कुकरच्या शिट्टीला भितो. बालक न बंटीशी भांडतो. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलं की तो विचारायचा, "पूरा सेट चाहिए या सिर्फ़ न?"

नाव लपवून काही उपयोग झाला नाही. निनाद नऊ वर्षांचा असताना एकदा आईची वाट पाहत विभागाबाहेर बसला होता. वर्ग सुटला. मुली त्याच्याभोवती जमल्या. एकीने मायेने विचारलं, "बेटा, अब कुकर से डर तो नहीं लगता?"

निनादने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. घरी जाईपर्यंत तो काही बोलला नाही, असं मॅडमनीच सांगितलं. वर्गात.

*

सोळाव्या वर्षी निनादने जेवणाच्या ताटावरून उठून खोलीचं दार आपटलं. म्हणाला, "मले काय व्हायचं ते मी ठरवीन!"

आठ पायऱ्यावाल्यांची पाचवी पायरी हीच. मी कोण, हा प्रश्न मुलाला या वयात पडतो. दुसऱ्या दिवशी मॅडम स्टाफरूममध्ये आल्या त्या हसतच. "सर, आली पाचवी पायरी! अगदी वेळेवर!"

बाकीच्या आया अशा वेळी रडतात. मॅडमनी वही उघडून तारीख टाकली. बालक न ची पानं तिथे संपली; पुढे दरवर्षी नव्या मुलींना तीच सोळा वर्षं शिकवली जाऊ लागली.

*

निनादचे वडील, रामटेके साहेब, रिछाईच्या एका कारखान्यात मशीनवर होते. माणूस अबोल. एका मुलीने वडिलांच्या वागण्यावर प्रकल्प घेतला आणि कारखान्याच्या गेटवर फॉर्म भरून घ्यायला उभी राहिली. तिला माहीतही नव्हतं की हे मॅडमचे मिस्टर. तिने विचारलं, "अंकल, बेटे से रोज़ कितनी देर बात करते हैं?"

साहेबांनी थोडा विचार केला. "बात काहे की? घर पे तो रहता हूँ."

आमच्या पुस्तकात वडिलांचे चार प्रकार आहेत. मुलीने त्यांना 'दुर्लक्ष करणारे' या रकान्यात टाकलं. आकडे माझ्याकडे आले, म्हणून मला माहीत. मॅडमनी तो फॉर्म वाचला, नवऱ्याचं नाव वाचलं आणि सही केली. रकाना बदलला नाही!

*

निनाद इंजिनियर झाला आणि पुण्याला नोकरीला लागला. तिथे त्याच्या 'का'ऐवजीच्या 'काहून'ला लोक हसले, ते त्याने मनावर घेतलं नाही. पण वर्षभरापूर्वी त्याच्या वाढदिवसाला ऑफिसातल्यांनी केक आणला. केकवर क्रीमचा कुकर काढलेला. मेणबत्ती विझवताच एकाने मोबाईलवर शिट्टी वाजवली आणि सगळे ओरडले, "हॅपी बर्थडे, बालक न!"

झालं होतं असं की, आमच्या झेरॉक्सचा कुणीतरी फोनमध्ये स्कॅन केला होता. एकीकडून दुसरीकडे फिरत तो निनादच्या शेजारच्या टेबलवरच्या मुलाच्या बहिणीकडे पोहोचला. त्या रात्री निनादने ती सगळी पानं वाचली. पोळी, बंटी, कुकर, दार. बिछाना कधीपर्यंत ओला व्हायचा, तेही.

सकाळी त्याने फोन केला. "आई, मी तुझा मुलगा आहे का तुझं प्रॅक्टिकल?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "दोन्ही."

फोन कट झाला. त्यानंतर आला नाही. हे मॅडमनी मला हजेरीपट भरता भरता सांगितलं, मान वर न करता. मला फार वाईट वाटलं. मी उठून पंख्याचा स्पीड वाढवला.

त्या आठवड्यापासून मॅडमनी वर्गात बालक न बंद केला. तास पुस्तकाप्रमाणे होऊ लागले. मुली जांभया देऊ लागल्या. एक दिवस मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलंच, "मॅम, न कहाँ गया?"

मॅडम म्हणाल्या, "बड़ा हो गया."

*

निनाद आईला फोन करेना, पण दर रविवारी दहा वाजता वडिलांना करायचा. दुर्लक्ष करणाऱ्या वडिलांना! ते बोलणं एका रविवारी मी ऐकलं आहे, त्यांच्याकडे चहाला गेलो होतो तेव्हा.

"जेवला?"

पलीकडून काहीतरी.

"बरं. इथं गरमी आहे."

पलीकडून काहीतरी.

"बरं. ठेवतो."

एवढंच. मॅडम शेजारी बसून मेथी निवडत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?" साहेब म्हणाले, "ठीक आहे म्हणते." मॅडमनी पुन्हा विचारलं, "आवाज कसा होता?" साहेबांना आवाजाचं सांगता येईना. कौटुंबिक संबंध शिकवणारी बाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसली होती. मी चहा संपवून निघालो.

आठ महिने असं चाललं.

*

आणि हा शेवटचा.

निनादसाठी एक स्थळ आलं. मुलीचे वडील नागदेवे, ओमतीत त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगी पल्लवी, एका शाळेत समुपदेशक. निनादने वडिलांमार्फत निरोप पाठवला, येतो, पण एक अट आहे. मुलगी आईच्या कॉलेजची नको.

मध्यस्थाने दिलेल्या कागदावर नुसतं बी.एस्सी. लिहिलं होतं. फोटोत मुलगी साडीत, केस सोडलेले. मॅडमनी तो फोटो दोनदा पाहिला. आमच्या मुलींना आम्ही वर्षानुवर्षं पांढऱ्या ॲप्रनमध्ये पाहतो, ॲप्रन काढला की ओळखू येत नाहीत.

रविवारी आम्ही चौघं गेलो. मी काहून, तर मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही चला. निनाद माझ्याशी बोलत नाही, त्याचे पप्पा कुणाशीच बोलत नाहीत. तिथं बोलायला कोणी तर पाहिजे!" गाडीत मायलेक मागच्या सीटवर दोन खिडक्यांना लागून बसले. मधे मिठाईचा डबा.

नागदेव्यांनी दारात येऊन जयभीम केला, आत बसवलं. पोहे आले. पोह्यांमागून पल्लवी आली. मॅडमकडे पाहताच तिने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि सरळ उभी राहिली, वर्गात राहतात तशी.

"गुड मॉर्निंग, मॅम!"

मॅडमचा चेहरा उतरला. निनादने प्लेट खाली ठेवली. त्याने पल्लवीला विचारलं, "तुम्ही काय शिकल्या?"

"मानव विकास."

"इथंच?"

"इथंच."

ज्या कामासाठी मला आणलं होतं ते करायची हीच वेळ होती, पण माझ्या तोंडात पोहे होते.

निनाद म्हणाला, "मग माझं सगळं तुम्हाले माहीतच असेल."

पल्लवी म्हणाली, "सोळा वर्षांपर्यंतचं आहे. पुढचं सिलेबसमध्ये नव्हतं."

रामटेके साहेब हसले. मोठ्याने. मी त्यांना तेवीस वर्षांत पहिल्यांदा हसताना ऐकलं. बाकी कुणी हसलं नाही.

"मी पण वाचलं आहे ते," निनाद म्हणाला. "पूर्ण सेट."

"झेरॉक्स?"

"हो."

"त्यात एकाच बाजूची पानं असतात," पल्लवी म्हणाली. "तुम्ही डावी पानं नाही पाहिली का?"

आमच्या प्रॅक्टिकलच्या फाईलीत उजवं पान आखलेलं असतं, त्यावर निरीक्षण लिहितात. डावं पान कोरं, ते आकृतीसाठी. झेरॉक्सवाला आकृती नसली की डावी बाजू सोडून देतो. तेवढाच त्याचा कागद वाचतो. या फाईली तपासायचं काम मॅडमचं, माझं काम आकड्यांचं. इतक्या वर्षांत मीही डाव्या बाजूला कधी पाहिलं नव्हतं.

पल्लवी आत जायला वळली तशा मॅडम म्हणाल्या, "पल्लवी, राहू दे." घरात शिरल्यापासून त्यांचं हे पहिलं वाक्य. पल्लवी थांबली नाही. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

तिने फाईल आणून निनादच्या हातात दिली. मी शेजारीच होतो. मजकूर हिंदीत होता, मराठीत सांगतो.

उजव्या पानावर होतं : कुकरची शिट्टी होताच बालक न टेबलाखाली शिरला आणि सहा मिनिटं रडला.

डाव्या पानावर वर शीर्षक : निरीक्षकाची चूक. खाली : आई सहा मिनिटं घड्याळ पाहून लिहीत होती. उचलून घ्यायला हवं होतं.

निनादने पान उलटलं. उजवीकडे : बालक न ने दार आपटलं. स्वतःची ओळख शोधण्याचा टप्पा.

डावीकडे : आईला आनंद झाला. आत मुलगा रडत होता, हे तिला दुसऱ्या दिवशी वडिलांकडून कळलं.

त्याने एकेक पान वाचलं. पोह्यांवरची शेव मऊ पडली. शेवटच्या डाव्या पानावर एवढंच होतं : आईने मुलाला न विचारता हे सर्व वर्गात सांगितलं. ही चूक ती अजून करते आहे.

निनादने मान वर केली. "हे तू वर्गात सांगितलं?"

आठ महिन्यांनी तो आईशी बोलत होता. मॅडम म्हणाल्या, "दरवर्षी. लिहून घ्यायला लावते."

"मले काहून नाही सांगितलं?"

मॅडमनी पदराने चष्मा पुसला. "वर्गात सोपं जाते, बाळा."

निनादने फाईल मांडीवर घेतली. मग त्याने पल्लवीकडे पेन मागितला. तिने दिला. शेवटच्या पानावर, त्या ओळीखाली, बरीच जागा होती. तिथे त्याने लिहिलं. सगळी फाईल हिंदीत होती, ही ओळ त्याने मराठीत लिहिली, अक्षर जपून काढत : आठ महिने आईला फोन नाही केला.

त्याने फाईल मॅडमच्या पुढ्यात सरकवली. मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याच पेनाने, प्रॅक्टिकल तपासल्यासारखी, खाली सही केली.

नागदेवे इतका वेळ पोह्यांची दुसरी प्लेट हातात धरून दारातच उभे होते. ते माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "सर, हे पाहण्याचंच चालू आहे ना?"